विश्लेषण : भर उन्हाळ्यातही पक्षी, फुलपाखरांना आधार देणारी झाडे कोणती? रायगडच्या किनाऱ्यावर निवड कशी करावी?

उरणपासून श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंतच्या किनारपट्टीवर दर पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकांत गर्दी होते. वाडीचे मालक, नवे घर बांधणारे, रिसॉर्टचालक आणि ग्रामपंचायती सारेच ‘उन्हात टिकणारे आणि भरपूर फुलणारे’ झाड मागतात. अलीकडे ‘फुलपाखरे आली पाहिजेत’ अशी अटही घातली जाते. मात्र उन्हात टिकणारे प्रत्येक झाड पक्ष्यांच्या उपयोगाचे नसते आणि फुलांनी लगडलेल्या प्रत्येक झाडावर फुलपाखराला मध मिळतोच असे नाही. मग निवड कशाच्या आधारे करायची, याविषयी…

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि अलिबाग तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आंबा, फणस, कोकम आणि जायफळाची जुनी झाडे उन्मळली, किनाऱ्यावरील सुरूची बनेही मोडली. या वाड्या केवळ उत्पन्नाचे साधन नव्हत्या. नारळाखाली पोफळ, पोफळीखाली जायफळ आणि केळी, कडेला वईवर अडुळसा-निर्गुडी अशा थरांमुळे भर मे महिन्यातही तिथे सावली आणि ओलावा टिकून असे. लहान पक्षी आणि फुलपाखरे त्याच आधारावर उन्हाळा काढत.

वादळानंतर मोकळ्या झालेल्या जागांपैकी काहींवर पुन्हा वाड्या उभ्या राहात आहेत, तर काहींवर बंगले आणि हिरवळी. नारळाला चांगले उत्पन्न द्यायला काही वर्षे लागतात आणि वाडीचे जुने थर परत यायला त्याहून अधिक. त्यामुळे या काळात जे लावले जाईल, तेच पुढची काही दशके या पट्ट्यात उभे राहणार आहे. म्हणूनच झाडांची निवड हा केवळ शोभेचा विषय राहिलेला नाही.

किनाऱ्यावरील उन्हाळा वेगळा कसा?

रायगड जिल्ह्यात उन्हाळ्याचे दोन चेहरे दिसतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. समुद्रालगत मात्र पारा सहसा इतका चढत नाही. दुपारी समुद्रावरून वारे वाहू लागतात आणि तापमान आटोक्यात राहते. ज्या दिवशी जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रवारे उशिरा सुरू होतात, त्या दिवशी किनाराही तापतो. हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंश तापमान असावे लागते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंश आहे आणि तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

झाडांच्या दृष्टीने किनाऱ्यावर आणखी तीन अडचणी आहेत. पहिली, दमट हवा. पानांतून पाण्याची वाफ होऊन पान थंड राहते. हवेतच बाष्प जास्त असेल तर ही वाफ सावकाश होते. दुसरी, खारा वारा. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पानांवर साचतात आणि कडा करपतात. तिसरी, पाणी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळपास काहीच नाही. रेताड जमिनीत पाणी झरझर खाली जाते. विहिरींतून जास्त उपसा झाला की किनाऱ्यालगतचे पाणी मचूळ होते. म्हणजे विदर्भातील कोरड्या उन्हात तगणारे झाड नागाव, आक्षी किंवा दिवेआगरच्या पुळणीत तगेलच, असे नाही.

उष्णता सहन करणे म्हणजे काय?

तापमान वाढले आणि मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड पानांवरील सूक्ष्म छिद्रे बंद करते. पाणी वाचते, पण पान थंड होणे आणि अन्न तयार होणेही मंदावते. अशा वेळी मध तयार करणे झाडाला परवडत नाही. फुले लहान येतात, लवकर गळतात आणि त्यांतील मध आटतो. म्हणजे झाड हिरवे दिसत असले तरी फुलपाखराच्या दृष्टीने ते रिकामे असू शकते.

काही झाडांकडे या काळावर खास उपाय असतात. पळस, पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात आणि निष्पर्ण असतानाच फुलतात. उंडी आणि पारोसा भेंड यांची चिवट, तकतकीत पाने खारा वारा झेलतात. रुईच्या पानांवरील पांढरट, मेणचट लव पाण्याचा ऱ्हास कमी करते. करंजाची मुळे खोल जातात, त्यामुळे एप्रिलमध्ये आजूबाजूचे गवत वाळलेले असतानाही त्याला पोपटी पालवी फुटते. ही सगळी झाडे याच किनाऱ्यावर आणि लगतच्या डोंगरउतारांवर पूर्वापार आहेत.

भरपूर फुले म्हणजे भरपूर मध का नाही?

उन्हाळ्यात सर्वांत उठून दिसणारी दोन झाडे म्हणजे बहावा आणि ताम्हण. ताम्हण हे तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प. दोन्ही उन्हात फुलतात, पण दोन्हींच्या फुलांत मध नसतो. भुंगे आणि मधमाश्या तिथे येतात त्या परागासाठी. फुलपाखराला सोंडेने द्रवच शोषता येतो, त्यामुळे त्याला या फुलांचा उपयोग नाही. बोगनवेलीचे रंगीत ‘फूल’ म्हणजे प्रत्यक्षात रंगीत पाने असतात. खरे फूल त्यांच्या मधोमध, चिमुकले आणि नळीसारखे. अनेक पाकळ्यांच्या, गेंदेदार जास्वंदीत मधापर्यंत पोहोचणे कठीण होते. साध्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदीवर मात्र शिंजीर दिवसभर येत राहतो. फूल फार खोल असेल तर तळाशी छिद्र पाडून तो मध काढून घेतो.

याचा अर्थ बहावा लावू नये, असा नाही. त्याच्या पानांवर ‘कॉमन एमिग्रंट’ या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. बहाव्याखाली दिसणारे थवे अनेकदा फुलांसाठी नव्हे, तर पानांवर अंडी घालण्यासाठी आलेले असतात.

फुलपाखरांना फुलापेक्षा पान महत्त्वाचे का?

फुलपाखराच्या आयुष्याचा एक मोठा टप्पा अळीच्या रूपात जातो आणि बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. मादी अशाच पानांवर अंडी घालते. ती वनस्पती परिसरात नसेल तर फुलपाखरू मध पिऊन निघून जाते, तिथे पिढी वाढत नाही.

रायगडमधील अनेक घरांच्या परसात अशी झाडे आधीपासून आहेत. कढीपत्ता आणि लिंबावर ‘कॉमन मॉरमॉन’च्या अळ्या वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणजे राणी पाकोळीही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते. एखाद्या जातीला राज्य फुलपाखराचा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. सोनचाफा आणि सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकावर हिरव्या ठिपक्यांचे ‘टेल्ड जे’ वाढते. रुईवर ‘प्लेन टायगर’, कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’, कुंडीतल्या पानफुटीवर ‘रेड पिएरो’, आंबा आणि काजूच्या पानांवर ‘कॉमन बॅरन’. नारळ, पोफळीच्या झावळ्यांवरही ‘पामफ्लाय’ हे तपकिरी फुलपाखरू वाढते. म्हणजे जुनी वाडी ही कुणी न आखलेली फुलपाखरांची बागच होती. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा आणि घोळ या भाज्याही काही फुलपाखरांच्या अळ्यांचे खाद्य आहेत. त्यामुळे परसातील एखादा कोपरा न बेणता ठेवला तरी फरक पडतो.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतची ओवळेकर वाडी हे याचे जवळचे उदाहरण. सुमारे दोन एकरांच्या जागेत अळ्यांच्या खाद्यवनस्पती आणि मध देणारी झुडपे एकत्र लावून तिथे फुलपाखरांची बाग उभी राहिली. फुलपाखरे बाहेरून आणून सोडावी लागली नाहीत. झाडे आली तशी तीही आली.

पक्ष्यांसाठी कोणती झाडे?

जानेवारी ते मार्च हा काळ फारसा अवघड नसतो. काटेसावर, पांगारा आणि पळस फुललेले असतात आणि त्यांवर शिंजीर, बुलबुल, मैना, कोतवाल, हळद्या यांची गर्दी होते. पूर्वी वाड्यांतून पानवेल, मिरवेल चढवण्यासाठी पांगारा लावत. डोंगरउतारावरील धायटी याच सुमारास लालभडक नळीदार फुलांनी भरते. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत वापरली जाणारी हीच ती धायटी. शिंजिरांना ती विशेष प्रिय. अडुळशाची पांढरी फुलेही या काळात असतात.

कसोटी लागते ती एप्रिल-मेमध्ये. मोठ्या झाडांचा बहर संपलेला असतो. या काळात जास्वंद, पारोसा भेंड, रुई, करंज आणि रोपवाटिकेत ‘इक्झोरा’ नावाने मिळणारा बकोरा यांचा आधार असतो. फळे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी करवंद, जांभूळ आणि उंबर हवेत. करवंदाच्या जाळीला पाणी, खत काही लागत नाही, शिवाय काट्यांमुळे जाळीत घरटीही सुरक्षित राहतात. उंबर मात्र घराच्या भिंतीपासून आणि विहिरीपासून दूर लावावा.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. शिंजीर मध पीत असला तरी पिल्लांना तो कीटक आणि कोळी भरवतो. बुलबुल, शिंपी यांचेही तसेच. पानांवर अळ्याच नसतील तर पिल्ले वाढत नाहीत. म्हणजे फुलपाखरांसाठी लावलेले झाड पक्ष्यांच्याही कामी येते, तेही फुलल्याशिवाय.

कोणत्या जागी काय लावावे?

समुद्राला अगदी लागून, खारा वारा थेट येतो तिथे उंडी, पारोसा भेंड, करंज आणि केवडा ही पहिली फळी. त्यांच्या आडोशाला इतर झाडे जगतात. वाळूच्या टेकडीवर पसरलेली मर्यादावेल काढू नये. ती वाळू धरून ठेवते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसारही वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास मनाई आहे. सुरू झटपट वाढतो आणि वारा अडवतो. मात्र त्याचे परागीकरण वाऱ्याने होते, त्याच्या फुलांत मध नसतो. सुरूच्या ओळीत मधूनमधून उंडी आणि भेंड लावले तर दोन्ही हेतू साधतात.

वाडी किंवा बंगल्याच्या आवारात वईसाठी अडुळसा, निर्गुडी आणि करवंद हे जुने त्रिकूट अजूनही चांगले. अडुळसा, निर्गुडीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. आत जास्वंद, बकोरा, अबोली, कढीपत्ता, लिंबू आणि सोनचाफा. जागा मोठी असेल तर एक पांगारा किंवा काटेसावर आणि एक बहावा. डोंगराकडच्या कातळ, मुरमाड जमिनीत धायटी, पळस आणि कुडा.

फक्त गॅलरी असेल तर कढीपत्ता, पानफुटी, जास्वंद, अबोली आणि पेंटास. पेंटास मूळचा आफ्रिकेतील, पण उन्हात सतत फुलतो, भरपूर मध देतो आणि कुंडीबाहेर पसरत नाही. परदेशी असलेले प्रत्येक झाड वाईट असते असे नाही, ते इथे काय देते आणि काय हिरावून घेते, हे पाहायला हवे.

काय टाळावे?

उष्णता आणि खारेपणा सहन करण्याच्या परीक्षेत कोनोकार्पसला पैकीच्या पैकी गुण मिळतील. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून अनेक ठिकाणी तो लावला गेला. मात्र आरोग्य आणि पर्यावरणावरील दुष्परिणामांचे कारण देत गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पक्ष्यांना खाण्याजोगे त्यात फारसे काही नाही. केवळ ‘उन्हात टिकते’ एवढ्याच निकषावर निवड केली की काय होते, याचे हे उदाहरण.

घाणेरीवर फुलपाखरे भरपूर दिसतात, म्हणून ती मुद्दाम लावणारेही आहेत. ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर टाकतात आणि रानात ती स्थानिक झुडपांची जागा बळकावते. मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य आणि पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य याच जिल्ह्यात असताना परसात घाणेरी लावणे म्हणजे जंगलात तण पेरणे होय.

कण्हेर आणि रुई विषारी आहेत. लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी त्या कुंपणाबाहेर, हाताला येणार नाहीत अशा जागी असाव्यात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. आंब्यावरील बांडगुळाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्याच्या फुलांवर शिंजीर येतो, बिया फुलटोच्या पसरवतो आणि पानांवर ‘कॉमन जेझबेल’ म्हणजे हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या वाढतात. बागायतदाराने कलमावरील बांडगूळ काढणे योग्यच, पण बांधावरच्या रानटी झाडावरील एखादे राहू द्यायला हरकत नाही.

हिरवळीबाबतही फेरविचार हवा. तिला उन्हाळाभर रोज पाणी लागते आणि ती पक्षी-फुलपाखरांना फारसे काही देत नाही. विहिरी मचूळ होत असलेल्या गावांत हे पाणी कुठून येते, हा प्रश्न शेजाऱ्यांनाही विचारावासा वाटतोच.

लागवड केव्हा आणि कशी करावी?

उष्णता सहन करणारे झाडसुद्धा रोप असताना नाजूकच असते. मे महिन्यात रोप आणून लावणे ही सर्वांत सामान्य चूक. खड्डे मेमध्ये खणून तापू द्यावेत, रोपे जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. म्हणजे मुळांना जमिनीत उतरण्यासाठी चार महिने मिळतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिले तर मुळे वरच राहतात. बुंध्याभोवती नारळाची सोडणे किंवा पालापाचोळा अंथरला तर ओल टिकते. नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झावळ्यांचा आडोसा केला तर खारा वारा आणि दुपारचे ऊन दोन्ही अडते.

मोठे रोप लगेच दिसते, पण लहान रोप लवकर रुजते. फुललेले रोप पाहून भुलू नये. रोपवाटिकेत त्यावर कीटकनाशक फवारले आहे का, हे जरूर विचारावे. फवारलेले पान अळीसाठी विषच. फुलपाखरे भर दुपारी सावलीत विसावतात, त्यामुळे सगळी जागा उन्हात मोकळी ठेवू नये. ओलसर मातीचा एखादा कोपरा ठेवला तर नर फुलपाखरे क्षार घेण्यासाठी तिथे जमतात. पक्ष्यांसाठी सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे, नाहीतर डास वाढतात.

शेवटी कळीचा मुद्दा उरतो तो पानांच्या भोकांचा. कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की पहिला हात फवाऱ्याकडे जातो. घरापुरत्या झाडाला हे नुकसान सहज सोसते, काही दिवसांत नवी पालवी येते. लिंबाची रोपे विकणाऱ्याला किंवा बागायतदाराला हे परवडणार नाही, हे खरे. त्याने आपले पीक राखावे. पण शोभेसाठी आणि हौसेसाठी लावलेल्या झाडावर एकही पान खाल्लेले नसेल, तर ती बाग फुलपाखरांसाठी झालेली नाही, असे समजावे. झाड निवडताना विचारायचे प्रश्न तीनच आहेत. ते खारा वारा आणि पाण्याविना मे महिना सोसेल का, त्या महिन्यात मध किंवा फळ देईल का आणि त्याचे पान कुणी खाते का. तिन्हींची उत्तरे ‘होय’ अशी देणारी झाडे शोधायला रायगडकरांना फार दूर जावे लागणार नाही. वादळापूर्वीच्या वाडीत कडेला काय काय होते, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारले तरी निम्मी यादी तयार होते.